दोघी जावा, एक पांदण

ताई, तुझ्या सुतकानं मला दहा दिवस घरात डांबून ठेवलं. इतकी वर्षं दोन घरांत शब्द नाही, विरजणाची देवाणघेवाण नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हातून यायची. सुतक मात्र सारखं! माणूस मेलं की आपली भाऊकी जागी होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "दहावा होईस्तोवर कोनी घराबाहीर पाय टाकाचा नाही." मग मी काय करणार? चुलीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून अंगणापर्यंत, परत चुलीपाशी. पहाटे बरोब्बर आपल्या वेळेला डोळे उघडायचे आणि पाय पांघरुणाबाहेर. पोटऱ्या नुसत्या वळवळायच्या. भिंतीला टेकून बसले तरी टाचा हलत राहायच्या. शेवटी ह्यांनी विचारलंच, "काहून पाय हालवून राह्यली? आंगात आलं का?"

काय सांगू? तुझ्या दिराला कसं सांगू, की तुमची वहिनी गेली आणि माझ्या पायांना ते अजून कळलेलं नाही?

रडूसुद्धा धड देईनात. तुला अमरावतीहून आणलं तेव्हा मी आमच्या ओट्यावर बसून हंबरडा फोडला, तर बाया माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "बोलचाल त नव्हती याइची. मंग इतकं कायचं?" मी पदर तोंडात कोंबला. तोंडदेखलं रडणाऱ्या बायांनी माझं खरं रडणं बंद पाडलं, हे मी कुणाला सांगू? तूच एक होतीस सांगायला. हे सारं मी शाळेतल्या भाषेत लिहितेय, ते वाचून तू पदराआड हसली असतीस. "शोभे, मास्तरीण झाली काय व?" झाले. बोलायला कुणी नाही म्हणून लिहिते.

धुऱ्यावरून बिनसलं दोघा भावांचं. एकच वावर, वाटणीत दोन झालं, मध्ये मातीचा बांध, धुरा घातला. आणि मग दर साली नांगरटीला एक म्हणणार, त्यानं धुरा कोरला, दुसरा म्हणणार, त्यानंच कोरला. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, बोंडअळीनं अर्धं पीक खाल्लं होतं, आणि हे दोघे वीतभर मातीसाठी भातकुलीच्या ठाण्यात एकमेकांचं नाव लिहून आले. त्या दिवसापासून अबोला. पुरुषांचा अबोला म्हणजे बायांचाही, हे कुणी ठरवलं ते देव जाणे. आपण ठरवलं नव्हतं.

पण पहाटे परसाकडे जायची वाट एकच होती. तिथं कसला आलाय अबोला! तू तुझं टमरेल घेऊन यायचीस, मी माझं. मान फिरवून बसायचो. एका पहाटे शेजारच्या तुरीतून रोह्यांचा, नीलगाईंचा, कळप उधळला, आणि आपण दोघी जीव घेऊन जे पळालो ते थेट नाल्याच्या पुलावर जाऊन थांबलो. तुझं टमरेल कुठं, माझं कुठं. कमरेवर हात ठेवून धापा टाकत होतो आणि तुला हसू फुटलं. अबोला धरल्यापासूनचं तुझं पहिलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. "शोभे, बाप्पा, लगन झाल्यापासून आज पयली डाव पयाली मी!"

मग कळलं की तू बार्शीटाकळीच्या शाळेची धावणारी पोट्टी होतीस आणि तालुक्याच्या शर्यतीत पळून आली होतीस. तुझ्या बापानं सासरी हे सांगायचंच नाही म्हणून बजावलं होतं, जसा काही घराण्यातला रोगच होता तो. मी तिवस्याची, पळाले ती फक्त बस पकडायला. पण दुसऱ्या दिवशी रोही नव्हते तरी आपण पळालो. तिसऱ्या दिवशीही पळालो. बाभळीखाली दोन टमरेलं झाकून ठेवायची, साडीचा काष्टा मारायचा, आणि वावरांमधल्या पांदणीनं पुलापर्यंत जायचं. उजाडायच्या आत तू त्या वाटेनं घरी, मी ह्या वाटेनं. गावात आमनेसामने आलो की माना फिरवायच्या. काय नाटक होतं! मला तर मजा यायची.

आणि मग ते पथक आलं. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला तालुक्याची माणसं, गळ्यात शिट्ट्या. आपण पळून परतत होतो, हातात टमरेलं, घामानं निथळत. शिट्टी वाजली. त्यातला एक साहेब म्हणाला, "कुठं गेल्या होत्या ताई?" मी तुझ्याकडं पाहिलं, तू माझ्याकडं. पळायला गेलो होतो म्हणायची छाती झाली नाही आपली! दोन लेकुरवाळ्या बाया, काष्टे मारून, पहाटे पांदणीवर पळतात, हे गावात कळण्यापेक्षा ते बरं वाटलं. तू म्हणालीस, "कुठं जातात बाया सकायी? तथीच." त्यानं आपल्या दोघींच्या हातात एकेक गुलाबाचं फूल ठेवलं आणि घाणीवर भाषण दिलं. न केलेल्या गुन्ह्याचं फूल घेऊन आपण मान खाली घालून घरी आलो. अख्ख्या जिल्ह्यात असं फूल आपल्यालाच मिळालं असेल.

महिन्याभरात दोन्ही घरी संडास झाले. सासूबाईंनी नारळ फोडला. मी त्या चार भिंतींकडं बघून मनातल्या मनात शिव्या दिल्या. पहाटे घराबाहेर पडायला बाईजवळ एकच कारण असतं, आणि ते सरकारनं दारात आणून बांधलं. सोय झाली, नाही कशी म्हणू? पावसाळ्यात चिखलातून जाणं सुटलं, साप-विंचवाचं भ्या गेलं. पण आपलं पळणं गेलं ते गेलंच. मधे किती वर्षं गेली! पोरं मोठी झाली, आपण जाड झालो. देवळात, सप्त्यात, कुणाच्या मयतीत तू दिसायचीस आणि आपण माना फिरवायचो. आता त्यात मजा नव्हती. आता ते खरंच झालं होतं.

त्या वर्षांत कर्जापायी माणसं फवारणीचं औषध पिऊन जीव देत होती; गावात एखादी दिव्याची गाडी शिरली की बाया दारात येऊन बघायच्या, आज कुणाच्या घरी? तू पुढं मला सांगितलंस, की त्या दिवसांत तुला झोपच लागत नव्हती. तुझे मालक, माझे भासरे, कूस बदलायचे की तू उठून बसायचीस. फवारणीचे डबे तू कडब्याखाली दडवले होतेस आणि विचारलं तर, उंदरानं नेले असतील म्हणाली होतीस. "उंदरं डबे नेतात काय व ताई?" मी म्हटलं, तर तू म्हणालीस, "त्यानं इश्वास ठेवला. त्यालेही ठेवाचाच होता." तेव्हा मला तुझी भीती कळली, आणि त्या गप्प माणसाचीही थोडी.

परत सुरू झालं ते माझ्या शुगरमुळं. डॉक्टर म्हणाला, रोज चाला. घरच्यांनी परवानगी दिली, कारण डॉक्टरनं सांगितलं होतं. मी पांदणीनं चालायला लागले, मान खाली घालून, चोरट्यासारखी. तिसऱ्या पहाटे पुलावर कुणीतरी उभं. माझी तर बोबडीच वळली! तू होतीस.

"म्हाताऱ्या चालतात. पय."

"ताई, तू इथं कशी? घरी काय सांगितलं?"

"सांगतलं, मलेही शुगर निघाली."

अशी हसलीस की पुलाखालचे बगळे उडाले.

अगं बाई, काय तो पहिला दिवस! पुलापासून पहिल्या बाभळीपर्यंत. तेवढंसुद्धा जमलं नाही. माझ्या कुशीत कळ आली, तुझा गुडघा लचकला, दोघी रस्त्यात फतकल मारून बसलो. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पय म्हणतो, पाय आयकत नाही व शोभे." मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मी येणारच नव्हते, पोटऱ्यांत गोळे आले होते, जिना उतरताना आई आठवत होती. पण तू पुलावर उभी राहशील हे माहीत होतं. तुला तिथं एकटीला उभं कसं ठेवू? म्हणून आले. आणि नंतर तू म्हणालीस की तूही त्याचसाठी आली होतीस. म्हणजे मनातून दोघींनाही यायचं नव्हतं!

मग तू तुझ्या शाळेचं डोकं लावलंस. एका बाभळीपर्यंत पळायचं, पुढच्या बाभळीपर्यंत चालायचं. आठवडा गेला की पळायची एक बाभूळ वाढवायची. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी चिकटायची की बूट उचलवत नसे. तेव्हा तू मला कडेच्या गवतावरून पळवलंस. निंदणाच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर मोडायची, मी म्हणायचे, आज नको. तू म्हणायचीस, "आज नको म्हन्लं की उद्याही नको होते. पाच मिनिटं ये, मंग जाय." आणि त्या पाच मिनिटांत मी कधीच परत गेले नाही. तू लेकाचे जुने कॅनव्हासचे बूट घालायचीस, मी ह्यांचे. ते पुलाच्या सिमेंटच्या नळीत ठेवायचो. एका हिवाळ्यात आपण पुलापासून मारोतीच्या देवळापर्यंत, तू पुढं, मी मागं, न थांबता गेलो आणि न थांबता आलो. दोन्हीकडं तूर फुलली होती. तू दोन्ही हात वर करून ओरडलीस. मला वाटलं, आता गाव जागं होतं, आता मेलो. पण त्या दिवशी मला कुणाचीच पर्वा वाटली नाही. ताई, लग्नानंतर मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. तुला हे मी कधी म्हटलं नाही. जावाजावांत असलं बोलत नाहीत.

एका खोट्याची शिक्षा मात्र तू भोगलीस. शुगर निघाली म्हटल्यावर भासऱ्यांनी तुझी साखर बंद केली. बिनसाखरेचा चहा, संक्रांतीला तीळगूळ नाही, पोळ्याला पुरणपोळी नाही. लेकीच्या लग्नात बुंदीचं ताट तुझ्यापुढून त्यांनी स्वतः उचललं. तू सकाळी पुलावर आलीस की आधी पदराची गाठ सोडायचीस आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचीस. मी खरी शुगरवाली बघत बसायचे. "तुले नाही भेटत," म्हणायचीस, "तुले खरी आहे." दुष्ट!

आणि इथंच आपलं भांडण. मी किती वेळा म्हटलं, ताई, सांगून टाक भासऱ्यांना. पळते म्हणाव. शोभासोबत पळते म्हणाव. काय होईल? फार तर चार दिवस तोंड फिरवतील. तू म्हणायचीस, "सांगीन. मोजनी होऊ दे. धुऱ्याचा दगड बसला की सांगीन." मोजणीवाले आले नाहीत. एका साली आले तर पाऊस होता, परत गेले. मी चिडले होते त्या दिवशी. "तुह्या दगडाची वाट पाहत म्हातारी होशीन," म्हटलं. तू नुसती पळत सुटलीस. म्हातारी व्हायचीसुद्धा वाट पाहिली नाहीस तू.

ताप आला, दोन दिवस अंगावर काढलास, मग पेशी कमी झाल्या म्हणून अमरावतीला नेलं. हे गेले होते दवाखान्यात. भावाशी बोलले नाहीत, जिन्याशी उभे राहिले. परत येऊन जेवताना म्हणाले, "दादा डॉक्टरसंग भांडला. म्हने, हिले सहा सालाची शुगर हाये, तुमी पाहून औषध द्या. डॉक्टर म्हने, यांना शुगर नाही. कधीच नव्हती. दादा पागलावानी पाहून राह्यला होता." त्यातच तू गेलीस.

ताई, मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण मी केला. तेरवीला मी त्या घरात इतक्या वर्षांनी पाय ठेवला. भासरे खांबाला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, समोरून माणसं जायची ती त्यांना दिसत नव्हती. आणि मागच्या दारी बाया कुजबुजत होत्या. शुगर नव्हती म्हणे. मग रोज अंधारात कुठं जायची? पंधरा-वीस मिनिटं नाही, चांगला तासभर. गावाबाहेर. एकटी. आपल्याच सासूबाई म्हणाल्या, "कुठं जाये ते तिलेच माहीत." एवढंच. पण कशी म्हणाल्या!

मी भांडी घासत होते. तुझ्यासारख्या बाईबद्दल! जी नवऱ्याचे डबे लपवत रात्री काढायची तिच्याबद्दल! आणि ते समोर बसलेत, त्यांच्या डोक्यात तेच चाललंय हे आंधळीलाही दिसलं असतं. माणूस बायको गेली म्हणून रडू शकत नव्हता, कारण तिच्याआधी तो प्रश्न येऊन बसला होता. उत्तर एकट्या माझ्याजवळ होतं. मी दोनदा उठले. पण भासऱ्यांसमोर मी उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, त्यांच्याशी बोलायचं कसं? त्यात हा अबोला. खरकटे हात घेऊन परत बसले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. सगळं. टमरेलं, पथक, गुळाचा खडा, नळीतले बूट.

"माह्ये बूट?"

"हो."

"मी म्हटलं, हे इतक्या लवकर कसे झिजले." मग भानावर आले. "गप्प बस आता. मेलं माणूस गेलं. दोघी चोरून भेटत होत्या म्हटलं त दादा म्हनन, भावानंच फितवलं माह्या बायकोले."

"अन् ताईचं नाव?"

ह्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "तुमी वीतभर मातीसाठी ठाण्यात गेले. मी ताईसाठी गल्लीतून जाऊ नाही?" कुठून आलं तोंडात, कोण जाणे. हे चपला घालून बाहेर पडले.

आज सकाळी मी मागच्या वाटेनं गेले नाही. चांगलं उजाडू दिलं. बाया सडे टाकत होत्या, डेअरीची गाडी कॅन भरत होती. मी काष्टा मारला, काल ह्यांनीच नळीतून आणून दिलेले बूट घातले, आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं पळत निघाले. तेरा-चौदा दिवस बसलेलं शरीर, पाय लाकडाचे झालेले, पहिल्याच वळणावर श्वास तुटला. पोट्टे ओरडायला लागले. एका बाईच्या हातातली बादलीच सुटली. मी थांबले नाही. तुझ्या घरासमोर मात्र थांबले.

भासरे ओट्यावर होते. मला बघून दचकले, मग रिवाजाप्रमाणं तोंड भिंतीकडं फिरवलं. मीही पदर ओढला. आपल्याकडं भावजयीनं भासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर पोराला, नाहीतर जनावराला सांगतात. अंगणात तुझी कालवड बांधली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"सांग व त्याईले," मी कालवडीला म्हटलं. माझा आवाज आख्ख्या गल्लीला गेला असेल. जाऊ दे! "ताई सकायी माह्यासंग पयाले जाये. शोभासंग. पांदणीनं मारोतीपर्यंत अन् वापस. रोज. दुसरीकडं कुठंच नाही. शुगरचं खोटं सांगतलं ते पयाले भेटावं म्हणून सांगतलं. धुऱ्याच्या पायी त्याईले सांगता आलं नाही तिले."

कालवड रवंथ करत राहिली. मला वाटलं, चुकलं. हे म्हणाले ते खरं होतं. मी जायला वळले. तेवढ्यात ते बोलले. भिंतीकडं तोंड करून, कालवडीला. इतक्या वर्षांत मी तो आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता.

"विचार तिले," म्हणाले. घसा साफ केला. "पयताना कोन पुढं राहे?"

ताई, मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर विचारतील की किती वर्षं, कुणाला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं का. त्यांना एवढंच विचारायचं होतं. मी डोक्यावरचा पदर सावरला, कालवडीच्या मानेवर हात ठेवला, कारण मला कशाला तरी धरून उभं राहायचं होतं.

"सांग त्याईले," म्हटलं, "ताईच. लय पुढं. मले कधीच सापडली नाही."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ओट्यावर एकटा बसलेला माणूस, दिवसाढवळ्या, गल्लीसमोर, तेरवी झाल्यावर. मी तिथं थांबले नाही. पांदणीकडं पळत सुटले, रडत, अगदी मोठ्यानं, आणि कुणी काही म्हणालं नाही. जे सांगून आले त्यात काडीचंही खोटं नव्हतं, ताई.